नवसाबाईचा पाय

ऑपरेशनला न्यायच्या ढकलगाडीवरून नवसाबाई आपली आपण खाली उतरली. चिघळलेला पाय फरशीला टेकवला, भिंतीला धरलं आणि म्हणाली, "पाय माझा कापायचा, आन् कागदावर अंगठा ह्यांचा?"

अंगठा तिच्या नवऱ्याने, कारभारीने, दिला होता. तो दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. "अगं, गुडघ्याखाली कापला नाय तर जीव जाईल म्हणतात."

"गेला तर माझा जाईल. दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याबिगर मी कापू देणार नाय."

ही दोन हजार चार सालची गोष्ट. सिन्नरच्या रस्त्याला त्यांचा गुलाबाचा मळा होता. साखरेच्या दुखण्याने नवसाबाईच्या पायांतली जाणीव कधीच गेली होती. तळव्यात काटा मोडला तरी तिला कळलं नाही. चपलेला पू लागलेला दिसला तेव्हा कळलं. तोवर करंगळी काळी पडली होती.

नाशकातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात डॉक्टर तेजलबाईंनी पाय उलटसुलट करून पाहिला. रक्त तळव्यापर्यंत पोचत होतं. "करंगळी जाईल. बाकीचा पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही," त्या म्हणाल्या.

नवसाबाईला हे बोलणं आवडलं. शब्द देणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता.

करंगळी काढली, सडलेलं मांस खरवडून काढलं. तरी जखमेतले जंतू हटेनात. मग डॉक्टरबाईंनी एका नव्या मलमाची गोष्ट काढली. बेडूक घाण पाण्यात राहतो, पण त्याची जखम सहसा सडत नाही. त्याच्या कातडीत प्रथिनाचे बारीक तुकडे असतात, ते जंतूंचं कवचच फोडतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. माणसाच्या कातडीतही तसले असतात. त्याच जातीचं पेप्टाइड कारखान्यात बनवून मलमात घातलं होतं, आणि त्याची चाचणी चालू होती. "निम्म्यांना औषधाचं मलम, निम्म्यांना साधं. कोणाला कुठलं ते मलाही ठाऊक नसतं. साफसफाई, गोळ्या, पट्टी मात्र सगळ्यांना सारखीच."

"सगळं झाल्यावर मला काय लावलं ते सांगाल?"

"सांगेन."

"मंग लावा." या वेळी अंगठा तिने स्वतः दिला.

पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम होता. नवसाबाई मळ्याच्या बांधावर खाट टाकून बसायची आणि फुलांच्या जुड्या बांधायची. कारभारी तिला टेम्पोत बसवून फुलबाजारात न्यायचा. तिथे देवळापुढे हार विकणारी अक्काबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. एक दिवस तिने जुड्या परत सरकवल्या. "बेडकाचं मलम लावती म्हणं तू. ह्या हातची फुलं देवाला कशी वाहू?"

मलमात बेडूक नाही, एवढं सांगितलं असतं तरी मिटलं असतं. पण नवसाबाईला खुलासा करायचाच नव्हता. "बेडूक काय सैतानानं केला? देवाला चालत नसंल तर देव सांगंल मला. तू नको सांगू."

अक्काबाईने बाजारभर बोभाटा केला. नवसाबाईने कारभारीकडून खाट मळ्यातून उचलवून थेट बाजाराच्या तोंडाशी टाकायला लावली आणि पट्टी बांधलेला पाय सगळ्यांना दिसेल असा पुढे ठेवून बसली. काहींनी वाट बदलली. बऱ्याच जणांनी फुलं घेतली, जाता जाता पायाची चौकशीही केली.

हळूहळू पू थांबला. जखमेच्या कडेने गुलाबी कातडी आत सरकू लागली आणि उन्हाळा संपायच्या आत तोंड मिटलं. पण चाचणी संपली तशी मलमाच्या कंपनीची माणसं येईनाशी झाली. कोणाला काय लावलं ते कोणी सांगेना. नवसाबाई दर बाजाराला दवाखान्यात जाऊन बसू लागली. "तुमी शब्द दिला व्हता," एवढंच म्हणायची. तेजलबाईही हट्टाला पेटल्या, त्यांनी कंपनीचा पिच्छा पुरवला. शेवटी उत्तर आलं. नवसाबाईला औषधाचंच मलम मिळालं होतं.

"पण मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते बाजारात येणार नाही. साधं मलम लावलेल्यांच्या जखमाही जवळजवळ तेवढ्याच भरल्या. तुमची मलमाने भरली की नुसत्या निगेने, ते मला सांगता येणार नाही."

 नवसाबाईचा आवाज चढला. "म्हंजे साध्या मलमाचेबी पाय वाचले. मंग माझा कापायची त्या पयल्या डॉक्टरला एवढी घाई कशाला व्हती?"



पुढे चांदवडकडे तिचा चुलतभाऊ मल्हारी असाच पायाने अंथरुणाला खिळला. नवसाबाईने त्याच्या घरच्यांशी भांडून त्याला तेजलबाईंकडे आणला. त्याचा पाय मात्र वाचला नाही. रक्तच खाली उतरत नव्हतं. नातेवाईक म्हणाले, एवढी दगदग करून काय मिळालं?

मल्हारीच म्हणाला, "का कापायचा ते मला आधी समजावून सांगितलं. मग मी व्हय म्हटलं."

"तेवढं तर मिळालंच पायजे," नवसाबाई म्हणाली, आणि त्याच्यासाठी कुबड्या बघायला बाजारात निघाली.