डोक्यावर पडलेली पाल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते शेजारी राहणाऱ्या विज्ञानाच्या बाईंचे. आमच्या घरातून पदवीपर्यंत पोचणारा मी पहिलाच. रत्नागिरीत शेवटच्या पेपराच्या सकाळी माझ्या डोक्यावर पाल पडली. डोक्यावर पाल म्हणजे मरण, असं आमच्याकडे मानतात. आई दार अडवून रडू लागली. मीही घाबरून पायातल्या चपला काढल्या. आवाज ऐकून बाई धावत आल्या. पाल एव्हाना खिडकीच्या काचेवर चढली होती.

“पोट बघ तिचं, कसं धडधडतंय,” बाई म्हणाल्या. “तुझ्यापेक्षा तीच घाबरलीय. चल, मला शाळेत न्यायला आलेली रिक्षा थांबवलीय.”

निकाल लागला तेव्हा मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी होतो; तिथून त्यांना पत्र लिहिलं: “बाई, पास झालो. पाल दिसली की अजून दचकतो. पण ती काचेवर आली, की दिवा लगेच बंद करत नाही. तिला किडे मिळू देत.”