चिंध्यांचं छत

आमच्या वहिनीला कुणी कौतुकानं नवी साडी दाखवली, की ती आधी काठाचा एखादा सुटा दोरा मागायची आणि काडेपेटी शोधायला उठायची. दोरा पेटवायचा, विझला की बोटांत चुरडायचा, नाकाशी न्यायचा. राख होऊन जळक्या कागदासारखा वास आला तर सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. समोरच्या बाईचा चेहरा कितीही पडो, वहिनी सांगून टाकायची, "ही नेसून स्वयंपाकाला उभी राहू नकोस हं. पेटली तर अंगाला चिकटते."

ती फतेगंजच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दादा रिफायनरीत. तरसालीत त्यांचं घर आणि माझं घर एका भिंतीचं, त्यामुळे वहिनीच्या काळज्या मला रोज ऐकू यायच्या. निम्म्या वाटेतून रिक्षा वळवून ती गॅस बंद आहे का ते बघायला परत यायची. दादा इथल्या गुजरातीत वैतागायचा, "बस कर हवे, पुरे आता! काही होत नाही." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "कुणीतरी बघतं, म्हणून होत नाही."

शाळेत गरजूंसाठी जुने कपडे गोळा होत. चांगले कपडे संस्था घेऊन जाई आणि विटके, फाटके जिन्याखाली गोण्यांत पडून राहत. एकदा ते कचऱ्याच्या मैदानावर जळताना तिनं पाहिले. त्या काळ्या धुराची तिनं अशी धास्ती घेतली, की निवृत्त झाल्यावर गोण्या घरीच आणायला लागली. बटणं, चेन उसवून काढायची, सुती तेवढं निवडायचं, बारीक कातरून चुना, खळ आणि टाकणखार यांच्या पाण्यात भिजवायचं, लाकडी चौकटीत दाबायचं आणि गच्चीवर वाळवायचं. त्यातून हलक्या, जाड पाट्या तयार होत. टाकणखारानं, म्हणजे बोरॅक्सनं, कापूस सहजी पेट घेत नाही आणि त्याला कसरही लागत नाही, असं ती सांगायची. तरी प्रत्येक पाटीचा कोपरा ती गॅसच्या ज्योतीवर धरायची. ज्योत काढताच आपोआप विझली तरच पाटी पास. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला तिनं आतून या पाट्या लावल्या, तेव्हा वैशाखातल्या भर दुपारी आम्ही तिथे बसून पापड लाटले.

ही खोली करजण गावच्या जशोदाबेननं पाहिली. ती तिकडे बालवाडी चालवायची, पत्र्याखाली. आधीच्या उन्हाळ्यात दोन मुलं भोवळ येऊन पडली होती. "बहेन, आम्हालाही करून द्या," ती म्हणाली. वहिनी कितीतरी दिवस हो म्हणेना. "माझ्या डोक्यावर ठीक आहे गं," ती मला म्हणाली, "पण दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर?" शेवटी कबूल झाली. हिवाळाभर दोन बायकांना हाताशी घेऊन ती राबली. छत लागलं, सरपंचांनी भाषण केलं, शाल दिली. वहिनीनं एक शब्द ऐकला नसेल. मान वर करून ती पाट्याच बघत होती. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "पंख्याजवळची जरा फुगल्यासारखी वाटते का गं?"

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. त्याच कामातली एक उरलेली पाटी वहिनीनं सवयीनं गॅसवर धरली. ज्योत काढली, पण ती विझली नाही. कडेकडेनं लाल रेघ सरकत राहिली. वहिनीनं ती मोरीत टाकून पाणी ओतलं आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. छताच्या कामात शेवटी शेवटी घाई झाली होती, म्हणून प्रत्येक घाण्यातली एकच पाटी तिनं तपासली होती. बहुधा एखाद्या घाण्यात टाकणखार नीट मिसळला गेला नव्हता. त्यातल्या पाट्या कुठे बसल्या, हे सांगता येणं शक्य नव्हतं. "सगळ्या उतरवायच्या," ती म्हणाली.

दादानं समजावलं, "कुणाला कळणारसुद्धा नाही." जशोदाबेन तर भडकलीच. "बहेन, आ उनाळामां छोकरां शेकाई जशे!" मुलं भाजून निघतील, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनी हळूच म्हणाली, "उकाड्यानं रडतील. रडू देत. रडणारं मूल जिवंत असतं."

पाट्या उतरल्या. बालवाडी देवळाच्या ओट्यावर भरू लागली. त्यातच एका चिमुरडीला ताप चढला. दवाखान्यात तिच्या कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवत वहिनी दिवसभर बसली. मुलीच्या आईनं वहिनीकडे एकदाही पाहिलं नाही. "माझं चुकलं तर नाही ना गं?" वहिनी मला पुन्हा पुन्हा विचारत होती. संध्याकाळी ताप उतरला आणि मुलीनं पाणी मागितलं, तेव्हा कुठे वहिनीनं डोळे पुसले.

नंतर तिनं एकेका पाटीचा कोपरा जाळून बघितला. बहुतेक चांगल्या निघाल्या. काही मात्र भरभर पेटत गेल्या. आपलंच खरं ठरलं म्हणून तिला बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण ती पांढरीफटक पडली होती. "म्हणजे इतके दिवस पोरं याखाली झोपत होती," एवढंच बोलली. पुन्हा कातरणं, भिजवणं, दाबणं सुरू झालं. या खेपेला पावसाआधी छत परत चढलं, पण शाल द्यायला कुणी आलं नाही. पुढे त्या बालवाडीत कधीच काही घडलं नाही.

वहिनीचं हृदय अधू झालं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दादाबद्दल काही सांगेल. "करजणला एकदा जाऊन ये," ती म्हणाली. "ओल धरली असेल तर टाकणखार धुऊन जातो." त्या खाटेवरून ती घरी आली नाही.

मला जायला जमलं ते तेराव्यानंतर बऱ्याच दिवसांनी. बालवाडीवर पक्का स्लॅब पडला होता आणि पाट्यांचा पत्ता नव्हता. मला वाटलं, कचऱ्यात गेल्या असतील, कुणी जाळल्या असतील. जशोदाबेन मला तिच्या घरी घेऊन गेली. मागच्या पत्र्याच्या खोलीत वर वहिनीच्या पाट्या ओळीनं लावल्या होत्या आणि खाली घोडियात, झोळीच्या पाळण्यात, जशोदाबेनचा नातू झोपला होता. बाहेर ऊन रणरणत होतं. खोली गार होती. तरीही मी वर बघत राहिले, प्रत्येक सांध्याशी थांबत.

जशोदाबेननं घोडियाची दोरी हलकेच ओढली.

"तुमच्या भाभी फार घाबरायच्या, बहेन," ती म्हणाली. "म्हणून तर मी याला इथे निजवते."