दोघांना पोचवलं

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, तेव्हा आमची प्लाटून देशाच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात, बंडखोरांच्या मुलखात होती. मी हुद्द्यानं नाईक, घर मुंबईत भोईवाड्यात. माझ्या सेक्शनमधला लान्स नाईक सखाराम परब लालबागचा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग पेट्रोल, म्हणजे डोंगरातली गस्त. चहा घेताना परब मुंबईची बातमी विचारायचा. ताजी कुणाकडेच नसायची.

एका दुपारी ओढ्याच्या वळणावर आमच्यावर फायर आलं. थोड्या वेळात सगळं शांत झालं. परब जागीच गेला होता. समोरच्या झाडीत एक बंडखोरही मरून पडला होता. परबच्याच वयाचा.

वायरलेसवर हुकूम आला, "अंधाराआधी पोस्टवर परता. ओव्हर."

"त्याला राहू दे इथंच," बंडखोराकडे बघत शिपाई शिंदे म्हणाला. परब त्याचा जिगरी दोस्त.

आमच्या प्लाटूनच्या सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या पाठीवरचं ब्लँकेट सोडलं. "कोल्ह्यांना ठेवायचा? उचल."

परबला आम्ही उचललं; बंडखोराच्या डोक्याकडची बाजू शिंदेनं धरली. सबंध चढणीत त्यानं ती कुणाला दिली नाही.

सकाळी खालच्या गावाला निरोप धाडला. गावचा म्हातारा पाद्र्याला आणि चार माणसांना घेऊन आला. त्यांचा माणूस आम्ही धुऊन, नीट झाकून ठेवला होता. म्हाताऱ्यानं ब्लँकेट बाजूला करून त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. तोवर परबची चिता रचून झाली होती. गावकरी थांबले. गार्डनं मानवंदनेसाठी शस्त्रं उलटी धरली, मी परबला अग्नी दिला. मग ते आपल्या माणसाला पुरायला घेऊन गेले.

अस्थी घेऊन मला मुंबईला पाठवलं. दादरला उतरलो तर हरताळ, ट्राम बंद. पायी निघालो. परळला घोषणा देणाऱ्या तरुणांनी अडवलं.

"कुठं चाललात, दादा?"

"लालबागला. परबला घरी नेतोय."

त्यांनी माझ्या हातातला कलश पाहिला. घोषणा थांबल्या. चाळीपर्यंत सगळे माझ्यामागून चालत आले.

परबच्या आईला तार आधीच मिळाली होती.

"तेका आंघोळ घातलास?" तिनं विचारलं.

"हो, आई. गरम पाण्यानं."

"आग कोणी दिल्यान?"

"मी."

मग तिला दुसऱ्याचंही सांगितलं.

"तो आपल्या आवशीक गावलो?"

"आईला गावला. त्याच्या गावची माणसं घेऊन गेली."

"बरा झाला," ती म्हणाली. "आता जेवून जा."

फौजेत पुष्कळ कामं केली. इतकं समाधान दुसऱ्या कशाचं नाही.

लान्स नाईक सखाराम परब सव्वीस वर्षांचा होता. दुसऱ्याचं नाव म्हाताऱ्यानं जाताना सांगितलं होतं. दोन्ही नावं मी अजून घेतो.