हे चालणं कुणाचं?

मला सांभाळून घेतलं ते एका वयस्क नटीनं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझा जीव घाबरतो आणि मुख्य तेच राहून जातं.

आठवीत शाळा सुटली आणि मी भुसावळहून कोल्हापूरला मावशीकडे आले. तिच्या ओळखीनं कार्टूनच्या जाहिराती करणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत लागले. आधी दुसऱ्यांची चित्रं पारदर्शक शीटवर उतरवायची, पुढं स्वतः काढायला लागले. माणूस चालवायचा तर एका पावलाला बारा चित्रं. बाई चालवायची असली की मालक म्हणायचे, "त्या पोरीकडं द्या. तिच्या बायका जित्या वाटत्यात."

पाच-सहा वर्षांनी चहाची एक जाहिरात आली, खरी माणसं घेऊन करायची. मालकांनी ती माझ्यावर सोपवली. "पण बघ, फिल्म थोडी हाय. दोनदा घ्यायचं, तिसऱ्यांदा न्हाय. जमलं न्हाय तर परत चित्रांचं टेबल."

दृश्य साधंच. एक बाई कपबशी घेऊन अंगण ओलांडते. मला दुसरं काय येत होतं? मी पावलापावलाची चित्रं काढून नेली आणि ते काम करायला आलेल्या त्या वयस्क नटीपुढं, बाईंपुढं, मांडली. टाच अशी उचला, इथं थबका, डावा हात कमरेवर. सगळं आयुष्य नाटकांत काढलेली बाई, पण निमूट तसंच चालली. बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. का, ते कळेना.

मालक ओरडले, "काय चाललंय? बाहुली हाय व्हय ती?"

"खडा टोचला, मालक," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "चूक माझी. पोरीला बोलू नगासा."

ते अंगण सकाळी मीच झाडून सारवलं होतं. खडा कुठला?

मग मला बाजूला नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "हे चालणं माझं न्हाय, पोरी. कुणाचं हाय?"

"आईचं," माझ्या तोंडून निघालं. तिचा गुडघा दुखायचा, म्हणून ती थबकायची. ती गेल्याची तार उशिरा मिळाली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आणि त्यानंतर साबणाच्या, बिस्किटांच्या, दंतमंजनाच्या जाहिरातींतून मी तिलाच चालवत होते. मला पत्ताही नव्हता.

"तिला बसू दे की जरा," बाई म्हणाल्या. "मी माझ्या पायानं येते. तू नुस्ती बघ."

दुसऱ्यांदा त्या झपझप आल्या. चहा बशीत सांडला, तशा स्वतःशीच हसल्या. मालक एवढंच म्हणाले, "हां, हे चाललं." त्यानंतर मी टेबलावर परत गेले नाही.

आई मात्र बसली नाही. अजून बाजारात एखादी अनोळखी बाई थबकते आणि तिचं पुढचं पाऊल पडेपर्यंत मीही तिथंच उभी राहते.

बाई आता जयसिंगपूरला लेकीकडे असतात म्हणे. सासूच्या नाहीतर शेजारणीच्या कामापलीकडं त्यांना कुणी काही दिलं नाही. मी अजून लहान-लहान फिल्माच करते. पण मोठा चित्रपट हाती येईल त्याच दिवशी एस.टी. धरीन, त्यांच्या दारात उभी राहीन आणि मुख्य काम त्यांनाच देईन. हा माझा शब्द.