सगळे खण माहीत असलेले नाना

नुसत्या नावावर वस्तू काढून देणं नानांना मान्यच नव्हतं. गिऱ्हाईक "वायसर द्या" म्हणालं, की उलटतपासणी सुरू. "कशाचा? मोटारीचा का नळाचा? मोटार बोअरची का विहिरीची?" मग खण, खणातला डबा, डब्यातली डबी, आणि नेमका वायसर काउंटरवर. परळीतल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानाची वेबसाइट करायला मी गेलो, तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "साइट चालू झाली की नानांना सुट्टी." दुकानातले जुने नोकर नाना समोरच बसले होते. उठले आणि माझ्या लॅपटॉपवर बसलेली वीज केंद्राची राख उपरण्याने पुसू लागले.

पानाचा पत्ता आला की ते पान काढून देणाऱ्या कोडला आम्ही व्ह्यू म्हणतो. मी खणासाठी एक लिहिला, डब्यासाठी दुसरा, डबीसाठी तिसरा. तेवढ्यात नानांनी डबीतली पुडी दाखवली. मी चौथा लिहायला बसलो, तर म्हणाले, "किती मानसं ठेवतो बे? मी एकटाच हाय की हितं!"

मग मी शहाणपणा केला. व्ह्यू एकच, पण खण, डबा, डबी अशा नावांच्या पत्त्यातलं शेवटचं नाव तेवढं बघणारा. नळाचा वायसर मागितला, मोटारीचा हजर. नाना हसून हसून खोकले.

"नुसतं पोराचं नाव ऐकून सोयरीक जमवतो का कुनी? आज्यापासून इचारत ये. मधी एक जरी खोटा निघाला, तर हात जोडून न्हाई म्हनायचं."

तसंच केलं. अख्खा पत्ता एकाच व्ह्यूकडे. तो वरून एकेक नाव घेत उतरतो, प्रत्येक खण आधीच्याच खणातला आहे ना, हे बघतो. न जुळलं तर 'सापडलं नाही'. पायऱ्या कितीही असोत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नानांनीच ते तपासलं. पाच पायऱ्या उतरून नळाचा वायसर आला. मुद्दाम मोटारीच्या खणात तोटी मागितली, तर 'सापडलं नाही'. नाना खूश. मला मात्र काहीतरी चुकावं असं मनापासून वाटत होतं.

"नाना, एखादा खण सांगायचा राहिला असेल बघा," मी म्हणालो.

माझा डाव त्यांनी ओळखला. "राहिला असता तर सांगितला असता रे. मागं ठेवून काय करू?"

दुसऱ्या दिवशी साइट चालू झाली आणि ते आपल्या गावी, धर्मापुरीला निघून गेले. साइट अजून एकदाही चुकलेली नाही, आणि मला तिचा राग येतो.