घंटीतला बोळा

केम गावच्या लाईनचा दिवा लागलेला मी पाहिला होता. पाहूनही खुर्चीतून उठलो नाही. आणि नंतर साहेबांनी विचारलं, तेव्हा खोटं बोललो. त्या खोट्याचा भार एका अशा माणसावर पडला, ज्याचा चेहराही मी तोवर पाहिलेला नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लाईनी तपासायच्या खोलीत कामाला होतो. भिंतीला एक उंच लोखंडी फळी होती. तिच्यावर बाहेरगावच्या प्रत्येक लाईनचा एक बारका दिवा, खाली गावाचं नाव. लाईन बिघडली की तिचा दिवा लागायचा आणि सगळ्या दिव्यांची मिळून असलेली एकच घंटी वाजायची. मग खालच्या मजल्यावरच्या ऑपरेटर बायकांना कळवायचं, अमुक गाव बंद आहे, आणि दुरुस्तीची माणसं धाडायची. त्याशिवाय दर तासाला एकेका गावाला आपण होऊन फोन लावायचा आणि विचारायचं, ऐकू येतंय का?

उन्हाळ्यात खांबांवरच्या तारा तापून सैल पडत. दुपारच्या वाऱ्यात त्या एकमेकींना लागत आणि सुटत. घंटी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. डोकं उठायचं. त्यावर आमच्या खोलीत जुना उपाय होता. गिरणीतल्या टाकाऊ सुताचा बोळा करून घंटीची वाटी आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये कोंबायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण सगळेच करायचे. ज्यानं मला शिकवलं, त्यानं एवढंच बजावलं होतं, ‘बोळा घातलास की डोळा फळीवरनं काढायचा नाही.’

मी परगावचा. सात रस्ता चौकाच्या पलीकडे एक खोली घेतली होती आणि खानावळीत जेवत होतो. खानावळवाला ताट ठेवायचा, मी जेवायचो, बोलणं काहीच नाही. कामावर तर दिवसभर मी आणि फळी. गावोगावचे लोक माझ्या फोनला ‘चालू’ म्हणून खाली ठेवायचे. एक केमच तेवढं वेगळं होतं. तिथल्या पोस्टातले एक वयस्कर कारकून फोन घ्यायचे.

“व्हय, ऐकू येतंय की. तुमी जेवला का?”

“जेवलो.”

“काय होतं?”

“वांगं.”

“पुन्ना वांगंच? त्या खानावळवाल्याची वांग्याची बागायत हाय का काय!”

एवढंच. पण दिवसभरात मला ‘जेवला का’ म्हणून विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. आमच्यात नावं कधी आलीच नाहीत. ते मला ‘सोलापूर’ म्हणायचे, मी त्यांना ‘केम’.

त्या दुपारी वारा फार होता. मी बोळा घातला. केमचा दिवा लागला, तेव्हा वाटलं, वाऱ्यानं लागलाय, सुटेल. मग टेबलावर डोकं टेकलं. तासाचे फोनही केले नाहीत. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, वारा पडला होता. माझ्या डोळ्यांदेखत केमचा दिवा आपोआप विझला. मी गुपचूप बोळा काढून खिशात टाकला.

केममधल्या एका बाईच्या नवऱ्याचं त्या दिवशी सोलापूरच्या इस्पितळात ऑपरेशन होतं. ते झालं की दीर फोन करणार होता. ती दुपारभर पोस्टाच्या बाहेरच्या पायरीवर बसून होती; तिथून आतलं काही दिसत-ऐकू येत नव्हतं. इकडे दीर पुन्हापुन्हा फोन लावायला सांगत होता. मी काही कळवलेलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेटर बाईंच्या लेखी लाईन चांगली होती. त्या म्हणत राहिल्या, ‘केमला कोणी उचलत नाही.’ संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तेव्हा बाईनं काय समजायचं ते समजून घेतलं. घरात रडारड झाली, चूल पेटली नाही. नवरा सुखरूप असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मग गाव कारकुनांवर उठलं. तक्रार सोलापूरपर्यंत आली.

साहेबांनी मला बोलावलं. “दर तासाला केमला फोन केला होता ना?”

“केला होता साहेब.”

“मग?”

“कोणी उचलत नव्हतं.”

लाईन आपोआप सुटली होती. बिघाडाची खूण कुठेच नव्हती. उरला एकच अर्थ, कारकून जागेवर नव्हते. त्यांच्याकडून फोनचं काम काढून घेतलं गेलं. पुढे केमचा फोन एक तरुण आवाज घेऊ लागला. “चालू,” म्हणायचा आणि ठेवायचा. मी रिसीव्हर उगाच थोडा वेळ कानाला धरून ठेवायचो. तारेची घूं घूं तेवढी ऐकू यायची.

असे दोन उन्हाळे गेले. मी पुन्हा बोळा घातला नाही, पण त्यानं कुणाचं काय भलं होणार होतं? शेवटी रजा काढून पॅसेंजरनं केमला गेलो. पोस्टात तिकिटांच्या खिडकीमागे ते बसले होते. “किती पायजेत?” म्हणाले, आणि मी आवाज ओळखला.

“मी सोलापूर,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. “आरं देवा! लई बारीक हाय की तुमी. वांगंच चालू हाय वाटतं अजून.”

मी सगळं सांगितलं. ते तिकिटांच्या कडा सारख्या करत ऐकत राहिले. हाताच्या अंतरावर, भिंतीला फोन होता. एवढा काळ माझी दर तासाची घंटी त्यांच्या कानावर पडत होती आणि उचलायची त्यांना परवानगी नव्हती. मी हात जोडले, तर म्हणाले, “हितं नगं. मी जाग्यावरनं उठलो न्हवतो, ह्ये मला ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी आदी सांगा. मग माज्याशी बोला.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. “आता कशाला उकरून काढतोस?” ते म्हणाले. तरी मी सांगितलं, बोळ्यासकट, आणि तसं लिहूनही दिलं. मला शिक्षा झाली. ती रास्तच होती.

त्याच दुपारी मी केमला फोन लावला.

“चालू,” तरुण आवाज म्हणाला.

“ठेवू नका. तिकिटांच्या खिडकीवर बसतात, त्यांना द्या.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “व्हय, बोला सोलापूर.”

“साहेबांना सांगितलं. तुम्ही त्या दिवशी जागेवरच होता. मी फोन केलाच नव्हता. मला माफ करा.”