दुसऱ्या पेटीला न गेलेला आकडा

लोधीपुऱ्यात दत्तात्रयाइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. कुलूप लावून गल्लीच्या टोकाला जाई आणि ते ओढून बघायला परत येई. मांजर आडवं गेलं, तर हा अर्ध्या वाटेतून माघारी!

बाजार खुला झाला, परदेशी यंत्रं येऊ लागली, त्या वर्षांतली ही गोष्ट. कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला दोन कंट्रोलर, म्हणजे यंत्र आपोआप चालवणाऱ्या पेट्या, बसवल्या. एक चालवी, दुसरा तयार बसे. पहिला बंद पडला की दुसऱ्याने तिथूनच पुढे चालवायचं. त्यासाठी पहिल्याकडचे आकडे सतत दुसऱ्याकडे धाडणारा प्रोग्राम दत्तात्रयाने लिहिला. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, सगळं जाई. पाणी कितीवर उतरलं की पंप सुरू व्हावा, हा आकडा तेवढा त्याने दोन्हीकडे हाताने भरला होता. रोज न बदलणारी गोष्ट कशाला पाठवायची?

पुढे पाण्याचा मापक बदलला. नवा तेवढ्याच पाण्याला जास्त आकडा दाखवी, म्हणून पंपाचाही आकडा वाढवावा लागला. दत्तात्रयाने तो पहिल्यात वाढवला. दुसऱ्यात राहून गेला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होती. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, ही तिथली रीत. बॉयलर तर थांबवता येत नव्हता. तेव्हा फिटर मोतीलालने पहिला कंट्रोलर बंद केला, काम दुसऱ्यावर गेलं आणि वरच्या कंट्रोलरच्या खोलीत आरती सुरू झाली. खाली बॉयलरपाशी भिकन नारळ घेऊन उभा होता. भिकन म्हणजे दत्तात्रयाच्या बायकोचा, वंदनाचा, धाकटा भाऊ.

टाळ्या वाजवता वाजवता दत्तात्रयाची नजर कंट्रोलरच्या पडद्यावर गेली. पंप अजून बंदच होता. राहिलेला आकडा त्याला आठवला. त्याने खिडकीतून खाली पाहिलं, तर बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेना.

त्याचं तोंड बघून मोतीलाल म्हणाला, "घाबरू नको भाऊ, पहिला परत चालू करून देतो."

"हात लावू नको!" दत्तात्रय किंचाळला. पहिला चालू होताच पंप सुरू झाला असता. कोरड्या, तापल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की बॉयलर फुटतो. त्याने आग बंद केली, पंपाची वीज तोडली आणि खिडकीतून ओरडला, "बाहेर पळा!"

बाकीचे पळाले. भिकन हसत राहिला. "दाजी, तुमी त मांजरालेबी भेता! नारळ फोडू द्या."

बॉयलर अजूनही केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. दत्तात्रय जिना उतरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडाने देवाचं नाव चालू होतं. त्याने भिकनची कॉलर धरली आणि त्याला फाटकापर्यंत ओढत नेलं.

बॉयलर फुटला नाही. गार झाल्यावर उघडला, तेव्हा नळ्या वाकलेल्या निघाल्या. भिकन त्यांच्याकडे बघत राहिला, नारळ तसाच हातात.

"चूक माझी होती," दत्तात्रयाने सगळ्यांसमोर सांगितलं. पंपाचा आकडाही आता दुसऱ्याकडे जातो.

आता तो नुसतं "बाहेर हो" म्हणाला, तरी भिकन न विचारता बाहेर होतो. पूर्वी लोक हसायचे, तेव्हा दत्तात्रयाला निदान रात्री झोप लागायची; आता लोक आपल्या शब्दावर चालतात, या काळजीने तीही गेली.